परबकाकांची चौकशी

परबकाकांच्या पिशवीत कायम एक चुरगळलेला शर्ट असायचा. फिकट निळा, बारीक रेघांचा, कॉलरीला विरलेला. हा शर्ट ते कधी अंगात घालत नसत. तो चौकशीसाठी होता. लालबागमधल्या आमच्या गल्लीत कुणाच्या मुलीला स्थळ सांगून आलं, की मुलीचा बाप आधी परबकाकांकडे यायचा, मुलाचं नाव-पत्ता सांगायचा आणि काका पिशवी खांद्याला लावून निघायचे. मुलाच्या घरी ते कधीच जात नसत. त्याच्या इमारतीखालचा इस्त्रीवाला शोधायचा, त्याच्यापुढे शर्ट टाकायचा आणि म्हणायचं, "घाई नाही, आरामात कर." तो एक शर्ट होईपर्यंत मुलगा किती वाजता घरी येतो, त्याच्या कपड्यांना कसला वास येतो, त्याची आई शेजारणींशी किती वेळा भांडते, हे सगळं काकांना कळलेलं असायचं.

परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या ते तो कडक इस्त्रीचा शर्ट दोन्ही हातांनी पुन्हा चुरगळून ठेवायचे. पुढच्या चौकशीला लागणार म्हणून. काकी कपाळाला हात लावायच्या. "पैशे देवन इस्त्री करतत आणि फुकट चुरगळतत. असो माणूस खंय बघितलंस काय गो?" असं मला विचारायच्या. मी पाहिला नव्हता. काकांचं म्हणणं एकच असायचं, "माणूस घरात गोडच बोलता. खरो तो खाली कळता. आधी खाली इचारूचा, मगे वर चढूचा."

मालवणकडून मुंबईत आल्यावर त्यांनी उभं आयुष्य शिवडीच्या एका खाजगी गोदामात माल मोजण्यात घालवलं. पेन्शन नाही, काही नाही. पण गल्लीत त्यांना जो मान होता तो एखाद्या जज्जाला नसेल. माझंच लग्न बघा. मुलगा दोन चाळी सोडून राहणारा, रोज येता-जाता दिसणारा. तरी काका शर्ट घेऊन गेले. परत येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "देऊन टाका." त्यांनी पास केलेल्या त्या नवऱ्याबरोबर माझा संसार बरा चाललाय. तो घोरतो, एवढं मात्र इस्त्रीवाल्याला ठाऊक नव्हतं.

काका-काकींना केतकी फार उशिरा झाली. सगळे नवस फेडून झाले, लोकांनी विचारणं सोडलं, आणि मग झाली. मुलगी शांत, डोळ्यांनी सगळं टिपणारी. परबांच्या खोलीत गावचं कुणी ना कुणी कायम उतरलेलं असायचं, कारण परळची हॉस्पिटलं तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. कुणाचा गळा, कुणाचं पोट, कुणाचं रक्त. ही माणसं रात्री ओळीने जमिनीवर झोपायची आणि केतकी त्यांच्या पायांमधून वाट काढत अभ्यासाला गॅलरीत यायची. एकदा गावची एक विधवा बाई हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिली, उठेचना. काका, काकी, डॉक्टर, सगळे थकले. तेव्हा तिथल्या समाजसेवा विभागातल्या एक मॅडम आल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत दोघी. मग ती विधवा आपणहून उठली. शाळकरी केतकी तेव्हा डबा घेऊन गेली होती. बारावी झाल्यावर तिने घरी सांगितलं, मला बीएसडब्ल्यू करायचंय, समाजकार्याची डिग्री.

काकांना आधी हसू आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बारा महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवसाचा बॅनर असतो आणि प्रत्येक चेहऱ्याखाली 'समाजसेवक' लिहिलेलं असतं. काका बोट दाखवून म्हणाले, "बॅनरवर दात काढून उभा ऱ्हवाक डिग्री कित्याक होयी?" केतकीने त्यांना समजावलं की हे वेगळं, ते वेगळं. तीन वर्षांचा कोर्स असतो, आठवड्यातले काही दिवस प्रत्यक्ष कामाला पाठवतात, वस्तीत, शाळेत, हॉस्पिटलात. काकांनी ऐकून घेतलं. मुलीचं मन त्यांनी कधी मोडलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "बरा. मगे चौकशी करूक होयी."

दोन कॉलेजं होती आणि केतकीचा नंबर दोन्हीकडे लागत होता. एक जुनं, अनुदानित, फी अगदीच किरकोळ. दुसरं नवं, काचेच्या इमारतीतलं. त्याची फक्त पहिल्या वर्षाची फी भरायची म्हटली, तर तेवढ्यात जुन्या कॉलेजात तिन्ही वर्षं करून वर सगळं घर गणपतीला गावी जाऊन आलं असतं. डिग्रीवर नाव मात्र तेच, बीएसडब्ल्यू. केतकीला जुनं हवं होतं. काकी म्हणाल्या, महाग आहे तर काहीतरी असेलच की त्यात. काका म्हणाले, "थांबा. मी बघून येतंय."

आणि ते माझ्याकडे आले. "शुभे, तू वांगडा चल. एकटो म्हातारो कॉलेजच्या गेटार उभो ऱ्हवलो तर पोलीस नेतीत." मी एका कंपनीत अकाउंट्स बघते, रजा मिळणं सोपं नसतं. पण परबकाकांबरोबर चौकशीला जायला मिळणं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीतल्या माणसालाच कळेल. मी पोट बिघडल्याचं कळवलं आणि निघाले.

जुन्या कॉलेजच्या भिंतीला टेकूनच एका इस्त्रीवाल्याची गाडी होती. काकांचा चेहरा खुलला. शर्ट पुढे टाकला, आरामात कर म्हणाले, आणि विचारलं, इथल्या मुली कशा आहेत. इस्त्रीवाला भला माणूस होता. कोळसा सारखा करत म्हणाला, "लडकियाँ अच्छी हैं बेचारी. मगर थक के आती हैं. कोई कोई तो रोते हुए."

"रोते हुए? क्यों?"

"वो बस्ती में भेजते हैं ना, शिवडी साइड. किसी का बच्चा गुजर गया, किसी का मरद मारता है. पूरा दिन वही सुनती हैं. यहाँ आ के चुपचाप बैठ जाती हैं. मैं चाय मँगा देता हूँ."

एवढ्यात एक मुलगी आलीच. केतकीच्याच वयाची. फूटपाथच्या कडेला बसली, चपलेचा चिखल कागदाने पुसत राहिली, हातातल्या वडापावकडे बघितलंसुद्धा नाही. काका तिच्याकडे टक लावून बघत होते. मुलीकडच्यांना वाईट बातमी सांगायची असली की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी काचेच्या इमारतीसमोर गेलो. तिथे इस्त्रीवाला नव्हता. टपरी नव्हती, वाणी नव्हता, चांभार नव्हता. कॉफीचं एक दुकान होतं, त्यात आत जायची आमची छाती झाली नाही. वॉचमन म्हणाला, बाजूला उभे राहा, गाडी येतेय. गळ्यात कार्डं घातलेल्या मुली हसत बाहेर येत होत्या, कोऱ्या चपला, मोकळे केस. काका पिशवी छातीशी धरून इकडून तिकडे फिरले. शर्ट द्यायला कुणीच नव्हतं. शेवटी वॉचमनलाच विचारलं, कसं आहे हो इथे? वॉचमन म्हणाला, आपल्याला काय माहीत.

परत येताना काका म्हणाले, "हयल्याबद्दल कोण एक वाईट शब्द बोललो नाय."

"चांगलाही नाही बोललं कुणी," मी म्हटलं.

"बाये, चौकशीत वाईट नाय म्हणजे चांगला. इतकी वर्सा मी ह्याच करतंय."

त्या न्यायाने आमच्या गल्लीतल्या किती मुली सुखाने नांदत होत्या. लेक रोज संध्याकाळी रडत घरी येणार, हे कळल्यावर कुठला बाप तिला त्या घरी देईल? केतकी एकदाच म्हणाली, "बाबा, त्या मुली काम करून येतात म्हणून रडतात." काका म्हणाले, "माका म्हायत हा. म्हणानच." मग तिने हट्ट सोडला. तिच्या लग्नासाठी काकांनी बँकेत ठेवलेली ठेव मोडली आणि पोर काचेच्या इमारतीत गेली.

तीन वर्षं काही वाईट गेली असं कुणी म्हणू नये. शिकवणारे चांगले होते, लायब्ररी थंडगार होती, फोटो पुष्कळ निघाले. प्रत्यक्ष कामाचे दिवस बऱ्याचदा एखाद्या मोठ्या कंपनीच्या ऑफिसात जायचे. ती कंपनी समाजासाठी काय करते, त्याची माहिती संगणकावर भरायची. केतकी हसत बाहेर यायची की नाही, ते बघायला काका पहिल्या वर्षी दोन-चारदा गेलेही. लांब उभे राहून बघून आले. "हसता," असं काकींना सांगितलं.

डिग्री झाली आणि केतकीला शिवडीतच नोकरी लागली, एका संस्थेच्या प्रकल्पावर, करारावर. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन बापलेक आमच्याकडे आले तेव्हा काकांनी पगार विचारून घेतला. मग हळूच विचारलं, "आणि त्या दुसऱ्या कॉलेजातल्या पोरींका?" केतकी म्हणाली, "त्याही आहेत ना आमच्याकडे. टेबलाला टेबल लावून बसतो. पगार सगळ्यांना सारखाच, बाबा." तिने ते सहज सांगितलं. काकांनी हातातला पेढा तसाच बशीत परत ठेवला.

पुढे तो प्रकल्पच बंद झाला. महाग डिग्री, स्वस्त डिग्री, सगळ्या मुली एकाच दिवशी घरी आल्या. पुढची बरी नोकरी हवी तर त्याच्या वरची डिग्री, एमएसडब्ल्यू लागतं, असं सगळीकडे सांगत होते आणि ठेव तर मोडून झाली होती. काकांनी पिशवी उचलली आणि त्या संस्थेच्या खाली जाऊन आले. संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसले. इतका गोंधळलेला माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. म्हणाले, "माणसा चांगली आसत गो. कोण लबाड नाय. पैशे वरसून येतत, वरच्यांनी थांबवल्यानी. त्या वरच्यांचेही कोणतरी वर आसत. शुभे, आता ह्येंच्या खाली खंय उभा ऱ्हवाचा?"

मी चहा ठेवला. माणसाला उत्तर देता आलं नाही की आम्ही लालबागकर चहा ठेवतो.

केतकी त्यानंतर एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायला लागली. आणि काकांचं पोट दुखायला लागलं. गावच्या इतक्या माणसांना परळला पोचवलेला माणूस स्वतःचं दुखणं सांगायला तयार नव्हता. शेवटी काकींनी रडून ओरडून त्यांना तयार केलं. हॉस्पिटलात निघताना काकांनी तो निळा शर्ट पिशवीतून काढला आणि आपल्याच चाळीखालच्या इस्त्रीवाल्याला दिला. म्हणाले, "ह्यो नीट कर. घरी येताना घालूचो हा." आपल्या चाळीखाली त्यांनी तो शर्ट कधी दिला नव्हता. इस्त्रीवाला मला नंतर सांगत होता, मी तर घाबरलोच, काका कुणाची चौकशी करायला आले म्हणून.

वॉर्डात त्यांच्याकडे एक मुलगी यायला लागली. रेश्मा तिचं नाव. समाजसेवा विभागात शिकाऊ म्हणून आलेली, बीएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाची, त्या जुन्या कॉलेजातली. पहिल्या दिवशी ती स्टूल ओढून बसली आणि विचारू लागली, घरात माणसं किती, कमावतं कोण, राहायची जागा स्वतःची की भाड्याची. काका माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची चौकशी करत होतं, आणि तीही खाली न विचारता.

केतकी त्या वेळी बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती. ते सगळे प्रश्न तिला पाठ होते. मी म्हटलं, तूच सांग ना तिला, काय काय मदत मिळते ते तुला माहीत आहे. ती म्हणाली, "मावशी, आपल्या माणसाची केस आपण घ्यायची नसते. शिकवलंय आम्हाला." आणि ओढणीने डोळे पुसले. महागातल्या शिक्षणातलं तेवढं एक त्या दिवशी अगदी चोख लागू पडलं.

काका रेश्माच्या चपलांकडे बघत होते. मग म्हणाले, "तुमच्या गेटार तो इस्त्रीवालो हा अजून?"

ती चकित झाली. "तुम्हाला कसं माहीत? आहे ना. चहा पाजतो आम्हाला."

"रडतंस काय गो तू? थंय बसान?"

"कधी कधी," ती म्हणाली.

"नोकरी लागतली?"

"माहीत नाही, काका."

ऑपरेशनचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी तिथेच होते. काकी दुसरीकडे बघत राहिल्या, मी उगाच चादर नीट केली. काहीतरी करायला हवं होतं आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. औषधांसाठी कुठल्या कुठल्या ट्रस्टकडून काय मिळू शकतं त्याचे कागद रेश्माने आधीच करून दिले होते. आता तिच्याही हातात काही उरलं नव्हतं. तरी ती आली, स्टूल ओढलं आणि बसली. बरे व्हाल म्हणाली नाही, देवावर भरवसा ठेवा म्हणाली नाही. काकांनी हात पुढे केला, तो तिने धरला. तिची जायची वेळ टळून गेली होती.

ती गेल्यावर काका मला म्हणाले, "मी जल्मभर इचारलंय आणि उठान इलंय. ह्या पोर इचारता आणि बसान ऱ्हवता." थोडा दम खाऊन म्हणाले, "केतकीक थंयच घालूक होया होता. माझ्या हातसून स्थळ चुकला."

केतकी पायांशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तिथे घातलं असतंत तरी प्रकल्प बंदच झाला असता." वडिलांच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून बोलली बिचारी. पण ऐकताना मलाच कसंतरी झालं. कारण ते खरं होतं, आणि त्या खऱ्यात कुणालाच काही आधार नव्हता. काकांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्या आठवड्यातच ते गेले.

तेरावं झाल्यावर एका दुपारी रेश्मा परबांच्या चाळीचा जिना चढून आली. घरी भेट देणं हा तिच्या कामाचाच भाग होता, म्हणाली, पण परीक्षेमुळे उशीर झाला. मी तिथेच बसले होते. तिच्या हातात तो निळा शर्ट होता, घडी घातलेला, कडक इस्त्रीचा. "खाली पत्ता विचारला ना, तेव्हा इस्त्रीवाल्यांनी दिला. म्हणाले, वर जाताय तर घेऊन जा, आमचा हात धजत नव्हता." आणि ती दारातच उभी राहिली. पुढे काय बोलायचं ते तिला कॉलेजात शिकवलेलं नसावं.

केतकीने तिला हात धरून आत घेतलं. दोघी खाटेवर शेजारी शेजारी बसल्या. एक महाग डिग्री, एक स्वस्त डिग्री. रेश्माने हळूच विचारलं, "ताई, तुम्हीपण बीएसडब्ल्यू ना? मिळतं का हो काम?" केतकी म्हणाली, "मिळालं होतं. गेलं. आता दातवाल्याकडे बसते." रेश्माने बरं म्हटलं. मला वाटलं, कुणीतरी या पोरींना काहीतरी सांगायला हवं. मी उठून चहा ठेवला.

काकी तो शर्ट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी घडी मोडली. मग दोन्ही हातांत धरून शर्ट चुरगळला, दाबून दाबून, बाह्यांसकट, काका बसमध्ये चुरगळायचे तसा. खुंटीवरची पिशवी काढली, शर्ट आत घातला आणि पिशवी केतकीच्या मांडीवर ठेवली.

"नोकरी बघूक जातलंस थंय आधी खाली इचार," त्या म्हणाल्या. "आणि बसान ऱ्हव."

केतकीने पिशवी खांद्याला लावली आणि उभी राहिली. कुठे जायचं ते तिला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने ती पिशवी तशीच खांद्याला ठेवून पुन्हा खाली बसली.